दुखणे शमविणारे औषध आणि हरपलेली गिधाडे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे लेखाची मागणी केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गहू, हरभरा आणि सोयाबीनच्या घाऊक व्यापारात उभा जन्म घालविलेला माणूस. रसायनशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार तो कोणता? परंतु जे सांगावयाचे आहे त्याचा संबंध आपण चालवीत असलेल्या गोशाळांच्या जमाखर्चाशी आहे, आणि अशाच एका जमाखर्चाखाली अनेक वर्षे माझी सही होत आलेली आहे. म्हणून धीर करून लेखणी हाती घेतली. शास्त्राचा भाग जाणत्यांकडून समजावून घेऊन, मला जेवढा कळला तेवढाच येथे मांडीत आहे. भाषेत काही उणे असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे बालपण धारेस गेले. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची एक मोकळी जागा होती. शाळेतून परत येताना आम्ही मुले त्या बाजूस पाहण्याचे टाळीत असू. पण आकाशात घिरट्या घालणारी गिधाडे मात्र चुकत नसत. एखादी म्हैस टाकली की प्रथम चार-दोन उतरत, आणि पाहता पाहता शंभर-सव्वाशेंचा मेळा जमे. कातडे काढणारे कारागीर आपले काम करून गेले की दोन-तीन घटकांत तेथे केवळ हाडांचा सांगाडा उरे. आम्हांला तो पक्षी किळसवाणा वाटे. वडील म्हणत, ‘तो कोणाला मारीत नाही, मेलेलेच खातो, त्याची घृणा करू नये.’ त्या वेळी हे बोलणे कानावरून गेले. पुढे व्यापारासाठी देवासला बिऱ्हाड केले. तेथेही माता टेकडीवर उभे राहिले की गिधाडे दिसत. इंदूरच्या बाजूच्या डोंगरात तर गिधिया खोह नावाचा धबधबाच आहे; नावातच गिधाड आहे.

ही गिधाडे केव्हा नाहीशी झाली हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय? मला तरी सांगता येत नाही. एका वर्षी ध्यानात आले की आभाळ रिकामे आहे, आणि मेलेल्या जनावरांभोवती कुत्र्यांच्या झुंडी जमत आहेत. असे का झाले, याचा शोध घेता घेता वाट एका औषधापाशी जाऊन पोहोचते. त्या औषधाचे नाव डायक्लोफेनॅक.

दाह आणि त्यावरील औषधे

अंगाला इजा झाली, सांधा धरला अथवा ताप भरला, की त्या जागी सूज, लाली, उष्णता व वेदना उत्पन्न होतात. वैद्यकात यास दाह म्हणतात. दाह हा वास्तविक शरीराने चालविलेला दुरुस्तीचाच उद्योग होय. परंतु तो मर्यादेबाहेर गेला की रोगी हैराण होतो. युरोपात फार पूर्वीपासून विलो नावाच्या झाडाची साल यावर देत. तिच्यातील गुणकारी द्रव्याचा माग काढीत रसायनज्ञ सॅलिसिलिक आम्लापर्यंत पोहोचले. पण ते आम्ल पोटाला सोसवेना. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमन यांनी त्याला ॲसिटिल गटाची जोड देऊन ते सुसह्य केले. हीच आपली घरोघरची ॲस्पिरिन. निसर्गातील द्रव्य घ्यावे, त्याच्या रचनेत हेतुपूर्वक लहानसा फेरबदल करावा आणि गुण राखून दोष कमी करावा, हा औषधी रसायनशास्त्राचा पाया येथे स्पष्ट दिसतो.

ही औषधे शरीरात नेमके काय करतात, हे मात्र पाऊणशे वर्षे उमगले नव्हते. १९७१ मध्ये इंग्लंडातील जॉन व्हेन यांनी दाखविले की दाह पेटविणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीर तयार करते, आणि ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांचे उत्पादनच रोखतात. या कार्याबद्दल व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

व्हेन यांचा शोध जाहीर होण्यापूर्वीच स्वित्झर्लंडमधील बाझल शहरी, गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड साल्मन आणि रुडॉल्फ फिस्टर हे रसायनज्ञ कामास लागले होते. त्यांची रीत मला एखाद्या मुरलेल्या पारख्यासारखी वाटली. आम्ही जसे वेगवेगळ्या बाजारांतील नमुने ओळीने मांडून कोणत्या गुणामुळे कोणता माल सरस ठरतो ते ताडतो, तसे त्यांनी तोवरची गुणकारी दाहशामक औषधे समोर ठेविली आणि त्यांच्यात समान काय आहे ते पाहिले. तीन गोष्टी त्यांच्या ध्यानी आल्या. औषध आम्लधर्मी असावे, पण बेताचे. ते पाण्यात तसेच स्निग्ध पदार्थात योग्य प्रमाणात विरघळावे, म्हणजे पेशीचे आवरण ओलांडून आत जाईल. आणि त्याच्या रेणूत कार्बनची जी दोन षट्कोनी वलये असतात, ती एका पातळीत सपाट न राहता एकमेकांशी तिरपी असावीत.

हा तिरपेपणा आणावयाचा कसा? त्यांनी एका वलयावर, जोडाच्या दोन्ही बाजूंस, क्लोरिनचा एकेक अणू बसविला. क्लोरिनचा अणू आकाराने मोठा. दोन्हीकडून अडचण झाल्यामुळे ते वलय सपाट राहूच शकत नाही, त्याला वळावेच लागते. औषधाच्या नावातील ‘डायक्लो’ हे अक्षर त्याच दोन क्लोरिनांचे आहे.

आता ते बनविण्याची कृती. दोन वलये नायट्रोजनच्या एका अणूने जोडलेली, असे एक संयुग प्रथम घेतात. त्याला दोन कार्बन अणूंचा एक आम्लधर्मी हात लावावयाचा असतो, आणि तोही दुसऱ्या वलयाच्या एका ठराविक कोपऱ्यावरच. तेथे तो सरळ जोडणे कठीण. म्हणून आधी तो हात नायट्रोजनला जोडतात. मग ॲल्युमिनियम क्लोराइड घालून तापविले की हाताचे मोकळे टोक शेजारच्या वलयाचा हवा तोच कोपरा पकडते, आणि क्षणभर एक तिसरे वलय तयार होते. शेवटी कॉस्टिक सोड्याच्या द्रावात उकळले म्हणजे नायट्रोजनकडील गाठ सुटते, हात हव्या त्या जागी राहतो, आणि डायक्लोफेनॅकचे सोडियम लवण हाती येते. एक गाठ केवळ पुढे सोडण्यासाठीच मारावयाची, ही युक्ती वाचून मी त्या रसायनज्ञांस मनोमन नमस्कार केला.

१९७० मध्ये सीबा व गायगी या कंपन्या एक झाल्या, आणि त्याच दशकाच्या पूर्वार्धात हे औषध व्होल्टारेन या नावाने बाजारात आले. संधिवाताने जखडलेल्या लक्षावधी लोकांना त्याने चालते केले. माझ्या मातोश्रींचे गुडघे अखेरच्या वर्षांत याच गोळीच्या आधाराने वाकत असत. तेव्हा पुढील हकीकत वाचताना हे औषध म्हणजे केवळ विष, असा ग्रह कोणी करून घेऊ नये.

गोठ्यात आलेले औषध

पेटंटाची मुदत संपली की औषध स्वस्त होते. १९९० नंतरच्या काही वर्षांत भारतात डायक्लोफेनॅक गुरांसाठीही विकले जाऊ लागले. बैल लंगडला, गाईची कास सुजली, ताप आला की सुई द्यावी, आणि जनावराने दुसऱ्या दिवशी चारा खावा, असा त्याचा गुण. आपल्या गोशाळांत तर म्हातारी, अपघातात सापडलेली, टाकून दिलेली जनावरेच येतात. ती बरी होणार नसली तरी त्यांचा अंत तळमळत होऊ नये, म्हणून अखेरच्या दिवसांत त्यांस वेदनाशामक सुई देणे हे दयेचेच कृत्य होते. असे जनावर मेले म्हणजे त्याचे प्रेत गावाबाहेर उघड्यावर नेऊन ठेवीत, आणि तेथे गिधाडे उतरत.

याच सुमारास राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे माना खाली टाकून बसलेली आणि मरून पडलेली आढळू लागली. १९८७-८८ मध्ये त्यांनी तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. १९९० चे दशक संपता संपता घरटी जवळजवळ ओस पडली. देशभर पाहणी झाली तेव्हा कळले की, १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची गिधाडे हजारांतून एखादेच उरावे इतकी घटली, आणि लांब चोचीची व सडपातळ चोचीची मिळून शंभरांतील सत्त्याण्णव गेली. ही उतरंड पाहून शास्त्रज्ञांना प्रथम एखाद्या साथीची शंका आली, आणि रोगजंतूंचा शोध घेण्यात काही वर्षे गेली.

उलगडा झाला तो पाकिस्तानातील पंजाबात. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे चिरून पाहिली, तेव्हा बहुतेकांच्या काळजावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याने शरीराबाहेर न जाऊ शकलेल्या यूरिक आम्लाचा तो थर होता. जंतू सापडेना, शिसे सापडेना, कीटकनाशक सापडेना. तेव्हा त्यांनी उलट दिशेने विचार केला. गिधाड जे खाते, त्या गुरांना अलीकडे कोणते औषध देऊ लागले आहेत? गुरांची औषधे विकणाऱ्यांकडे चौकशी केल्यावर डायक्लोफेनॅकचे नाव पुढे आले. मग तपासणी झाली. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ मध्ये हे औषध सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ च्या आरंभी ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. इतका स्वच्छ ताळेबंद क्वचितच पाहावयास मिळतो.

आपण व्यापारी माणसे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. गिधाडाच्या वजनाच्या दर किलोस एक ते दोन दशांश मिलिग्रॅम एवढे डायक्लोफेनॅक प्राणघातक ठरते. पाच किलोच्या पक्ष्यास मिलिग्रॅमभर पुरे. माणसाची नेहमीची गोळी ५० मिलिग्रॅमची असते. म्हणजे आपण सहज पाण्याबरोबर घेतो त्या एका गोळीत सुमारे पन्नास गिधाडांचे मरण आहे. शास्त्रज्ञांनी आणखी एक गणित केले. गिधाडांची जी घट झाली ती घडावयास ७६० प्रेतांत एक, किंवा फार तर १३० प्रेतांत एक एवढीच औषधाने दूषित असली तरी भागते. कारण एका प्रेतावर शेकडो पक्षी एकत्र जेवतात. आणि भारतात निरनिराळ्या ठिकाणांहून १,८४८ प्रेतांचे नमुने तपासले, तेव्हा दर दहांत एक दूषित निघाले.

याचा भार केवळ पक्ष्यांवर पडला नाही. प्रेते कुजत राहिली, मोकाट कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याचा रोग वाढला. गिधाडे गेल्यामुळे १९९३ ते २००६ या काळात कुत्रे चावून सुमारे ४८,००० अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. २०२४ मध्ये आयल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाणी दूषित होण्यासारखी इतर कारणेही धरून, केवळ पाच वर्षांतील जादा मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्या घरात गेला. मुंबईत पारशी समाजाच्या डुंगरवाडीवर गिधाडे येईनाशी झाली, आणि शतकानुशतके चालत आलेला अंत्यविधीचा क्रम टिकवावा कसा, असा प्रश्न त्या बांधवांपुढे पडला.

बंदी, पळवाट आणि पर्याय

केवळ बंदी घालून प्रश्न सुटत नाही, हे शास्त्रज्ञ जाणून होते. शेतकऱ्याच्या हातात दुसरे काही द्यावयास हवे. मेलॉक्सिकॅम हे रासायनिक दृष्ट्या निराळ्या कुळातले दाहशामक. ते आफ्रिकेत व भारतात गिधाडांना देऊन बारकाईने पारखले, तेव्हा निर्धोक आढळले, आणि २००६ च्या आरंभी ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मे महिन्यात भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅक बनविणे थांबविण्याचा आदेश काढला, आणि २००८ मध्ये राजपत्रात बंदी पक्की झाली. पाकिस्तान व नेपाळ यांनीही २००६ मध्येच पाऊल उचलले.

तथापि कायद्याला पळवाट होती. माणसांसाठी हे औषध चालूच होते, आणि त्याच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या मिळत. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरे होते. मग ही दहा माणसांची कुपी कोणासाठी? ती गुरांच्या गोठ्यात जाई.

येथे मला माझी कबुली द्यावयाची आहे. आमच्या गोशाळेचा खजिनदार या नात्याने औषधांची बिले मी मंजूर करीत असे. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका तरुण पशुवैद्याने सहज वही चाळता चाळता मला विचारले, ‘शेठजी, ही माणसांची कुपी गाईंसाठी कोण मागवतो?’ मी म्हणालो, ‘डॉक्टरसाहेब, स्वस्त पडते आणि गुण येतो, म्हणून घेतो.’ त्यांनी रागावून नव्हे, समजावून सारी हकीकत सांगितली. त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बसलो. बंदी आल्यानंतरच्याही कितीतरी पानांवर ते नाव होते, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही. आयुष्यभर मी सूर्यास्तानंतर अन्न घेतले नाही, पाणी गाळून प्यालो. आणि गाईवर केलेल्या दयेच्या खर्चातून किती पक्ष्यांचा घात माझ्या हातून झाला, ते मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही. अजाणतेपणी झाले, हे खरे. पण धान्याचे पोते सुंभ तोडून तपासल्यावाचून न घेणारा मी, औषधाच्या कुपीवरील नाव वाचीत नव्हतो.

२०१५ मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनाची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली. काही उत्पादक न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सरकारचा निर्णय कायम ठेविला. तोवर आणखी एक गोष्ट उघडकीस आली होती. ॲसिक्लोफेनॅक नावाचे औषध डायक्लोफेनॅकलाच एक रासायनिक जोड देऊन बनविलेले आहे, आणि गाईच्या शरीरात गेल्यावर ती जोड गळून त्याचे पुन्हा डायक्लोफेनॅक होते. पिशवी निराळी, माल तोच! त्याचप्रमाणे कीटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरले. या दोहोंवर जुलै २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस, गुरांपुरती बंदी आली.

आपल्या प्रांताविषयी आशेची वार्ताही आहे. मध्य प्रदेशातील गणनेत २०१९ मध्ये सर्व जातींची मिळून ८,३९७ गिधाडे आढळली, आणि २०२१ मध्ये ९,४४६. भोपाळजवळ केरवा येथे त्यांचे प्रजनन केंद्र चालते. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास कित्येक वर्षे लागतात. गेलेले भांडवल या पेढीवर फार सावकाश परत येते. म्हणून उरलेले जपणे अगत्याचे.

सभासदांस विनंती

आपल्यापैकी कित्येकजण कोठल्या ना कोठल्या गोशाळेचे वा पांजरापोळाचे विश्वस्त आहेत. त्यांस माझी हात जोडून विनंती आहे. औषधांचे बिल आले की रक्कम पाहण्यापूर्वी औषधाचे नाव वाचा. व्यापारी नाव नव्हे, त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, निमेसुलाइड यांपैकी काही असेल तर बिल परत करा. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम, किंवा तसेच गिधाडांवर पारखून निर्धोक आढळलेले टोल्फेनॅमिक ॲसिड, पशुवैद्याच्या सल्ल्याने मागवा. आणि एखाद्या जनावरास अखेरच्या दिवसांत कोणते औषध दिले गेले हे ठाऊक नसेल, तर त्याचे प्रेत उघड्यावर न टाकता खोल पुरा. आमच्या गोशाळेत आता प्रत्येक जनावराच्या नावे औषधाची वेगळी नोंद ठेवतात. हे काम एका मुनिमाच्या घटकाभराचे आहे.

आपल्या पीथमपुरात आणि देवासात औषधांचे मोठे कारखाने आहेत. आपल्या समाजातील किती तरी मुले-मुली तेथे रसायनज्ञ म्हणून कामास लागली आहेत, आणखी लागतील. त्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाझलच्या त्या रसायनज्ञांनी रेणू घडविला तो माणसाच्या सांध्यांसाठी. हजारो कोसांवरील गिधाडाचे पोट त्यांच्या हिशेबात कोठून असणार? दोष त्यांना देता येत नाही. परंतु आता आपल्याला हे ठाऊक झाले आहे. तुम्ही नवे औषध घडवाल, तेव्हा ते रोग्याच्या शरीरातून पुढे कोठे जाते आणि कोणाच्या मुखी पडते, हाही प्रश्न प्रयोगशाळेच्या वहीत लिहून ठेवा.

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मांडवगडास गेलो होतो. दुपारी दरीवर फार उंच दोन पक्षी पंख न हालवता तरंगताना दिसले. ती गिधाडे होती की घारी, हे माझ्या थकलेल्या दृष्टीला ठरविता आले नाही. नातू म्हणाला, ‘आजोबा, ती गिधाडेच आहेत, शेपूट आखूड आहे बघा.’ मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेविला.